अंमली पदार्थांचे खटले : झडती, जप्ती आणि पंचांची जबाबदारी

गावातील शाळेचे मुख्याध्यापक, तलाठी किंवा ग्रामपंचायतीचे सदस्य यांना केव्हा ना केव्हा पंच म्हणून बोलावणे येते. एखाद्या घरात, शेतात किंवा वाहनात अंमली पदार्थ असल्याची खबर पोलिसांना मिळालेली असते आणि झडतीच्या वेळी दोन प्रतिष्ठित व निःपक्षपाती व्यक्तींची उपस्थिती हवी असते. झडती होते, पंचनामा लिहिला जातो, पंच त्यावर सही करतात आणि घरी परततात. आपले काम संपले, अशी त्यांची समजूत होते. प्रत्यक्षात त्या कामाचा महत्त्वाचा भाग अजून बाकी असतो. काही वर्षांनी न्यायालयाचे समन्स येते आणि त्या एक-दोन तासांत जे घडले ते शपथेवर सांगावे लागते. गोणी कोठे ठेवली होती? ती कोणी उघडली? वजन कोणत्या काट्यावर केले? मोहोर कोणाच्या ताब्यात राहिली? पंचनामा वाचल्यावर सही केली, की न वाचता?

या प्रश्नांच्या उत्तरांवर एखाद्या माणसाच्या आयुष्याची दहा ते वीस वर्षे अवलंबून असू शकतात. तो खरोखरच विष विकणारा असेल, तर पुराव्यातील ढिलाईमुळे तो सुटून पुन्हा त्याच गावात, त्याच शाळेसमोर धंदा सुरू करू शकतो. उलट, वैरातून त्याच्या गोठ्यात कोणी गांजाची पिशवी आणून टाकली असेल, तर एका निष्काळजी पंचनाम्यामुळे निरपराध कुटुंब उद्ध्वस्त होऊ शकते. म्हणूनच झडती व जप्तीचे नियम केवळ पोलीस आणि वकील यांच्यापुरते नाहीत. गावात जबाबदारीच्या जागी असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असणे आवश्यक आहे.

कायद्याचे स्वरूप

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आला. तोवर अफूविषयीचे १८५७ व १८७८ चे कायदे आणि १९३० चा घातक औषधिद्रव्यांचा कायदा यांच्या आधारे कारवाई होत असे. त्यांतील शिक्षा सौम्य होत्या आणि मोठ्या टोळ्यांना त्यांचा धाक उरला नव्हता. नव्या कायद्याने ही उणीव भरून काढली. पुढे १९८९, २००१, २०१४ आणि २०२१ या वर्षी त्यात दुरुस्त्या झाल्या.

सन २००१ च्या दुरुस्तीने शिक्षेची सांगड पदार्थाच्या वजनाशी घातली. प्रत्येक पदार्थासाठी ‘अल्प प्रमाण’ आणि ‘व्यापारी प्रमाण’ अशा दोन मर्यादा ठरविण्यात आल्या. गांजासाठी अल्प प्रमाणाची मर्यादा एक किलो, तर व्यापारी प्रमाणाची वीस किलो आहे. चरसासाठी त्या अनुक्रमे १०० ग्रॅम व एक किलो, आणि हेरॉईनसाठी ५ ग्रॅम व २५० ग्रॅम आहेत. अल्प प्रमाणातील गांजा बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रमाण या दोन मर्यादांच्या दरम्यान असेल, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. व्यापारी प्रमाण असेल, तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात कलम ३७ अन्वये जामीनही सहजासहजी मिळत नाही. आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, याबद्दल न्यायालयाचे समाधान व्हावे लागते.

काट्यावरील एक-दोन किलोच्या फरकाने शिक्षेची पायरी बदलू शकते, हे यावरून ध्यानात येईल. कायद्यातील व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यात मोडत नाहीत. मुळे, माती, जाड देठ यांच्यासह झाडे तशीच काट्यावर ठेवली, तर नेमका गांजा किती होता हा प्रश्न खटल्यात उभा राहतोच.

अधिकार मोठे, म्हणून बंधनेही कडक

फौजदारी न्यायाचे सर्वसाधारण तत्त्व असे की, गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. या कायद्यात त्या तत्त्वाला काही प्रमाणात मुरड घातली आहे. कलम ५४ नुसार, पदार्थ आरोपीच्या ताब्यात सापडला आणि त्याबद्दल त्याला समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर त्याने गुन्हा केला असे गृहीत धरता येते. कलम ३५ नुसार आरोपीची मनोवृत्ती गुन्हेगारी होती असे न्यायालय गृहीत धरते आणि ती तशी नव्हती हे आरोपीला सिद्ध करावे लागते.

ही गृहीतके आपोआप लागू होत नाहीत. पदार्थ आरोपीच्या ताब्यातच मिळाला, ही पायाभूत बाब सरकार पक्षाने आधी सिद्ध केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अमृतसर विमानतळावरील हेरॉईनच्या प्रकरणात स्पष्ट केले. ताबा सिद्ध होतो तो झडती आणि जप्तीच्या पुराव्यावरून. म्हणजे संपूर्ण खटल्याचा भार या एकाच खांबावर येतो. शिक्षा जितकी कठोर, तितके कायद्याने सांगितलेल्या कार्यपद्धतीचे पालन काटेकोर असले पाहिजे, असा आग्रह न्यायालयांनी धरला आहे, त्यामागील कारण हेच आहे.

खबर मिळाल्यानंतर

कलम ४२ अन्वये पोलीस, महसूल, राज्य उत्पादन शुल्क, सीमाशुल्क आदी खात्यांतील शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांना वॉरंटशिवाय इमारत, वाहन किंवा बंदिस्त जागेची झडती घेता येते. हा अधिकार शिपाई किंवा कॉन्स्टेबल यांना नाही. त्यांच्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच तो आहे. मिळालेली खबर त्याने लेखी नोंदविली पाहिजे आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत निकटच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठविली पाहिजे. झडती सूर्योदय व सूर्यास्त यांच्या दरम्यान घ्यावयाची असते. वॉरंट मिळविण्यात वेळ गेल्यास पुरावा दडविला जाईल किंवा आरोपी पळून जाईल अशी स्थिती असेल, तर रात्रीही झडती घेता येते. परंतु तसे वाटण्याची कारणे लिहून ठेवावी लागतात.

हरियाणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००९ साली या कलमाचा व्यवहार्य अर्थ लावला. अधिकारी गस्तीवर असताना अचानक खबर मिळाली आणि तातडीची कारवाई करावी लागली, तर नोंद करण्यास झालेला विलंब पटण्याजोग्या कारणासह क्षम्य ठरू शकतो. मात्र नोंद मुळीच न करणे आणि वरिष्ठांना मुळीच न कळविणे क्षम्य नाही. सार्वजनिक ठिकाणच्या जप्तीला कलम ४३ लागू होते. तेथे ही पूर्वनोंद आवश्यक नाही. अटक व जप्ती कोठेही झाली, तरी तिचा संपूर्ण अहवाल कलम ५७ अन्वये ४८ तासांत वरिष्ठांकडे गेला पाहिजे.

अंगझडती आणि आरोपीचा हक्क

या कायद्यातील सर्वाधिक चर्चिलेली तरतूद कलम ५० ची आहे. एखाद्या व्यक्तीची अंगझडती घ्यावयाची असेल, तर जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी अशी मागणी ती व्यक्ती करू शकते. तशी मागणी झाल्यास तिला त्यांच्यापुढे नेले पाहिजे. झडतीला वाजवी कारण नाही असे त्या अधिकाऱ्याला वाटले, तर त्याने त्या व्यक्तीला तात्काळ सोडून द्यावे, असे कायदा सांगतो. स्त्रीची अंगझडती केवळ स्त्रीनेच घ्यावयाची असते.

हा हक्क आरोपीला ठाऊक असेलच असे नाही. म्हणून तो त्याला समजावून सांगणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असा निर्णय पंजाबातील प्रकरणात घटनापीठाने १९९९ साली दिला. ते कर्तव्य पार पाडले नसेल, तर अशा अंगझडतीत मिळालेल्या मालाच्या आधारावरच उभी असलेली शिक्षा टिकत नाही. गुजरातमधून आलेल्या प्रकरणांत २०१० साली दुसऱ्या घटनापीठाने, येथे ढोबळ पालन पुरेसे नसून तंतोतंत पालन हवे, असे बजावले. राजस्थानातील एका प्रकरणात दोन आरोपींना मिळून एकच नोटीस दिली होती आणि एकानेच दोघांच्या वतीने सही केली होती. हक्काची जाणीव प्रत्येकाला स्वतंत्रपणे दिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि त्यांची निर्दोष मुक्तता कायम ठेवली.

कलम ५० हे अंगझडतीपुरतेच आहे, हेही लक्षात ठेवावे. हातातील पिशवी, डोक्यावरील गाठोडे किंवा मोटारीतील खोके म्हणजे त्या व्यक्तीचे अंग नव्हे, असा निर्वाळा हिमाचल प्रदेशातील प्रकरणात २००५ साली देण्यात आला आहे.

मुद्देमालाचा प्रवास

जप्त झालेला पदार्थ आणि प्रयोगशाळेत तपासला गेलेला पदार्थ एकच होता, हे सिद्ध करणे ही पुराव्यातील दुसरी मोठी कसोटी होय. घटनास्थळ, पोलीस ठाण्याचा मुद्देमाल कक्ष, दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असा त्या मालाचा प्रवास होतो. या वाटेवरील एखादीही नोंद गहाळ झाली, तर मालात फेरफार झाला असावा, असा संशय घेण्यास जागा राहते.

गोव्यातील चरसाच्या एका प्रकरणाचा निर्णय या दृष्टीने बोधप्रद आहे. सर्वोच्च न्यायालयाचा हा निर्णय २००५ च्या निर्णयसंग्रहात समाविष्ट आहे. जप्तीच्या वेळी दोन पाकिटांचे वजन १०० ग्रॅम व ११५ ग्रॅम नोंदविले होते. प्रयोगशाळेत ते अनुक्रमे सुमारे ९८ व ८३ ग्रॅम भरले. पहिल्या पाकिटातील फरक किरकोळ म्हणता आला असता, परंतु दुसऱ्यातील घट तशी नव्हती. त्यातच मोहोरबंद पाकिटे आणि ती बंद करण्यासाठी वापरलेली मोहोर एकाच अधिकाऱ्याच्या ताब्यात राहिली होती. प्रयोगशाळेत गेलेला माल तोच होता याबद्दल न्यायालयाची खात्री पटली नाही आणि खालच्या न्यायालयांनी दिलेली शिक्षा रद्द झाली.

असे संशय टाळण्यासाठी कलम ५५ अन्वये मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने मोहोरबंद अवस्थेत सुरक्षित ठेवावयाचा असतो. कलम ५२-अ नुसार मालाची सूची करून ती दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. त्यांच्या उपस्थितीत छायाचित्रे व नमुने घेतले जातात. पूर्वी जागेवरच नमुने काढण्याची पद्धत सर्रास होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली त्याबाबत सविस्तर निर्देश दिले आणि २३ डिसेंबर २०२२ पासून जप्ती, साठवण, नमुने व विल्हेवाट यांसंबंधीचे नवे नियम लागू झाले. त्यांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर, दोन प्रतींत काढले जातात. कलम ५२-अ चे पालन न झाल्यामुळे शिक्षा रद्द झाल्याची उदाहरणे २०२३ सालच्या निर्णयांत आहेत. तथापि एवढ्या एका त्रुटीने प्रत्येक खटला कोसळत नाही. अन्य पुरावा विश्वसनीय असेल, तर तो विचारात घेता येतो, असे न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

कबुलीजबाबाचा भरवसा नाही

पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा जुना नियम भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही कायम आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला भाग तेवढा ग्राह्य ठरतो. अशा वेळी निवेदनाचा पंचनामा पंचांसमक्षच होतो. पोलिसांव्यतिरिक्त अन्य खात्यांच्या अधिकाऱ्यांनी कलम ६७ खाली घेतलेले जबाब मात्र अनेक वर्षे कबुलीजबाब म्हणून वापरले जात. तामिळनाडूतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ही वाट बंद केली. तेव्हापासून झडती आणि जप्तीच्या प्रत्यक्ष पुराव्याचे महत्त्व आणखी वाढले आहे.

पंचांनी काय पाहावे?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून अंमलात आली आहे. तिच्या कलम १०३ नुसार झडतीच्या वेळी त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावे लागते. लेखी आदेशाने बोलावूनही वाजवी कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळण्याचा हक्क आहे. कलम १०५ नुसार झडतीचे, जप्तीचे आणि यादीवर सह्या होत असतानाचे दृकश्राव्य चित्रीकरण करणे आता आवश्यक आहे. ते मोबाईल फोनवरही करता येते.

पंच हा पोलिसांचा मदतनीस नव्हे आणि आरोपीचा कैवारीही नव्हे. जे डोळ्यांसमोर घडले तेवढेच सांगणारा तो साक्षीदार आहे. झडती सुरू होण्यापूर्वी पथकातील लोकांचीही झडती पंचांनी घ्यावी, ही रूढ आणि उपयुक्त पद्धत आहे. बाहेरून काही आणून ठेवले, या आरोपाला तीमुळे उत्तर मिळते. वस्तू नेमकी कोठे सापडली, त्या जागेला कुलूप होते काय, तेथे आणखी कोणाचा वावर होता, हे नीट पाहावे. काटा कोठून आणला, वेष्टनासह वजन किती आणि वेष्टनाशिवाय किती, हे लिहिले गेले आहे याची खात्री करावी. मोहोर आपल्यासमोर लागली काय आणि लेबलावरील सही आपलीच आहे काय, हे तपासावे. अंगझडतीपूर्वी आरोपीला त्याचा हक्क त्याला कळेल अशा भाषेत सांगितला गेला काय, याकडे विशेष लक्ष द्यावे. सातपुड्याच्या आदिवासी पाड्यावरील माणसाला प्रमाण मराठीत वाचून दाखविलेली नोटीस उमजलीच असेल, असे धरून चालणे योग्य नाही.

पंचनामा पूर्ण झाल्यावर तो स्वतः वाचावा किंवा वाचून घ्यावा आणि मगच वेळ घालून सही करावी. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नये. न घडलेली गोष्ट लिहिली असेल, तर ती दुरुस्त करावयास सांगावे. पुढे न्यायालयात गोंधळून जाऊन पंच फितूर घोषित होतो, त्याचे मूळ पुष्कळदा भीतीइतकेच या न वाचता केलेल्या सहीत असते. पंच फिरला म्हणून खटला पडलाच असे नाही. पोलिसांची साक्ष विश्वसनीय असेल, तर तिच्यावर शिक्षा होऊ शकते. तरीही स्वतंत्र माणसाच्या सरळ साक्षीने न्यायालयाला जी खात्री वाटते, तिची भरपाई सहसा होत नाही.

सरपंच व सदस्यांवरील खास कर्तव्य

या कायद्याचे कलम ४७ ग्रामीण भागात फारसे परिचित नाही. आपल्या माहितीतील जमिनीवर अफू, भांग किंवा कोका यांची बेकायदा लागवड झाल्याचे समजताच, प्रत्येक शासकीय अधिकारी, पंच, सरपंच आणि अन्य ग्रामाधिकारी यांनी पोलिसांना किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याला तात्काळ कळविले पाहिजे. तसे न करणारा शिक्षेस पात्र ठरतो. जमीनधारकावरही कलम ४६ अन्वये असेच बंधन आहे. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील डोंगराळ पट्ट्यात गांजाची बेकायदा लागवड पोलिसांनी वेळोवेळी नष्ट केली आहे. कापूस किंवा तुरीच्या ओळींआड लावलेली ही झाडे प्रथम गावकऱ्यांच्याच नजरेस पडतात.

मात्र कळविणे म्हणजे सूड उगविणे नव्हे. जाणूनबुजून व दुष्ट हेतूने खोटी खबर देऊन कोणाची झडती किंवा अटक घडवून आणल्यास कलम ५८ अन्वये दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संशयाला वाजवी कारण नसताना झडती घेणारा अधिकारीही याच कलमाखाली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस किंवा एक हजार रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र आहे. बांधाच्या किंवा निवडणुकीच्या भांडणात या कायद्याचा हत्यारासारखा वापर होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

समारोप

अंमली पदार्थांचा प्रश्न आता महानगरांपुरता राहिलेला नाही. आपल्या मुलांना त्यापासून वाचवावे, असे प्रत्येक पालकाला व शिक्षकाला वाटते. त्या तळमळीतून, कार्यपद्धतीचे नियम म्हणजे गुन्हेगाराला मिळालेली पळवाट होय, असा समज पसरतो. वर उल्लेखिलेल्या निर्णयांतून वेगळेच चित्र दिसते. ज्या प्रकरणांत आरोपी सुटले, त्यांत खबरीची नोंद करणे, हक्क सांगणे, वजन नीट लिहिणे, मोहोर वेगळी ठेवणे यांसारखी साधी आणि थोड्या वेळात होणारी कामे राहून गेली होती. ती झाली असती, तर गुन्हेगाराला संशयाचा फायदा मिळाला नसता आणि निरपराधाची सुटका पहिल्याच टप्प्यावर झाली असती. झडतीच्या ठिकाणी अधिकाऱ्याने दाखविलेली शिस्त आणि पंचाने दाखविलेला सावधपणा या दोहोंवरच हा कठोर कायदा न्याय्यही ठरणे अवलंबून आहे. यापुढे पंच म्हणून बोलावणे येईल, तेव्हा प्रत्येक शिक्षकाने, कर्मचाऱ्याने आणि ग्रामपंचायत सदस्याने जाताना चष्मा व पेन सोबत न्यावे, आणि पंचनाम्याची शेवटची ओळ वाचून झाल्याखेरीज सही करू नये.